सांगणारा कुठे उभा होता?

ग्रंथपाल मंडळी पुस्तकांना आकडे देतात. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हिंदुस्थानचा इतिहास ९५४ या आकड्याखाली बसतो, चरित्रे-आत्मचरित्रे ९२० च्या फळीवर, आणि मराठी ललित वाङ्मय ८९१.४६ च्या. रहस्यकथांनाही या हिशेबात जागा मिळू शकते, पण आमच्याकडे त्यांना फळीच नाही. मागे एकदा कोणा सद्गृहस्थाने बाबूराव अर्नाळकरांची दोनतीनशे पुस्तके देऊ केली होती. समितीने आभार मानून ती नाकारली. मी त्या समितीत नव्हतो. असतो तर ती सगळी घरी आणली असती, कारण आमच्या घरी या तिन्ही जाती एकाच कपाटात, एकाच फळीवर, मांडीला मांडी लावून बसलेल्या आहेत, आणि त्यांच्यात अद्याप तरी विटाळ झालेला नाही.

ही सोय माझी नव्हे, आईची. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची दृष्टी नेली. या दुखण्याची रीतच अशी, की ते कडेकडेने आत सरकते. माणसाला समोरचे दिसत राहते तोवर आपले काही गेले आहे हे कळतही नाही, आणि गेलेले परत येत नाही. शेवटी शेवटी तिला पुस्तकाच्या ओळीतला एकच शब्द दिसे, नळीतून पाहावे तसा. मग तोही गेला. तेव्हापासून संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर मी वाचायचे आणि तिने ऐकायचे, असा परिपाठ पडला.

आई व्हर्नाक्युलर फायनल झालेली, म्हणजे सातवी. वाचनाचा नाद तिला लावला तिच्या थोरल्या भावाने. मामा लालबागला गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला संगमेश्वराकडल्या आपल्या गावी यायचा तेव्हा त्याच्या ट्रंकेत बायकोला पातळ, आईला तपकीर, आणि बहिणीला अर्नाळकरांची चारपाच पुस्तके असत. पण देण्यापूर्वी तो एक खोडी करी. शेवटची आठ पाने तो गिरणीच्या सुताने शिवून टाकी. खुनी कोण ते आधी सांगायचे, मग दोरा तोडायचा! अंदाज चुकला तर पुढल्या खेपेला एक पुस्तक कमी. आई सांगते, तिसऱ्या वर्षापासून एकही पुस्तक कमी आले नाही. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही मंडळी तिच्या नात्यातली असल्यासारखी ती त्यांच्याबद्दल बोलते. त्या पुस्तकांपैकी वीसबावीस अजून आमच्याकडे आहेत. कागद पिवळा पडून पापडासारखा झाला आहे, पण शेवटच्या पानांच्या कडेला सुईची भोके स्पष्ट दिसतात.

अशा तालमीत तयार झालेल्या बाईला इतिहास वाचून दाखवणे म्हणजे काय, याची कल्पना विद्यापीठात बसून येणार नाही. मी प्रथम ‘भाऊसाहेबांची बखर’ काढली. मराठी गद्याचा एवढा कसदार नमुना, म्हटले, तिला आवडेल. आवडली देखील. पण मसलतीच्या एका प्रसंगी तिने हात वर केला.

“तंबूत किती माणसं होती म्हणालास?”

“दोनतीन.”

“मग त्यांचं बोलणं ह्याला कुणी सांगितलं? सांगणारा कुठं उभा होता?”

बखरकाराची भाषा, त्याची नाट्यदृष्टी, त्याच्या म्हणी यांवर मी वर्गात तास तास बोलतो. एका वाक्यात त्याला असे पिंजऱ्यात उभे करणारा विद्यार्थी मला वीस वर्षांत भेटलेला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांना मात्र हा प्रश्न आवडला असता. वाईला पानिपतच्या काळाची पत्रे हाती लागली आणि १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी हेच तर केले: बखर काय म्हणते, ग्रँट डफ काय म्हणतो, आणि त्या त्या दिवशी त्या त्या ठिकाणी असलेल्या माणसाचे पत्र काय म्हणते, ते शेजारी शेजारी ठेवून उलटतपासणी घेतली. तिथी, मुक्काम, मजल. खुनाच्या तपासात याहून वेगळे काय असते? पुढे शेजवलकरांनी पानिपतावर लिहिले (मराठी पुस्तक १९६१ सालचे), तेही याच जातीचे. फरक इतकाच की धनंजयाला आरोपी शेवटच्या प्रकरणात सापडतो, आणि राजवाड्यांना पुढल्या गावातल्या आणखी एका दप्तराचा पत्ता.

आत्मचरित्रांकडे वळलो तेव्हा आई जरा सैलावली. रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणीं’त न्यायमूर्ती आंब्याच्या फोडीशी जिभेच्या संयमाचा पाठ घालून देतात, तो प्रसंग तिला मुळीच रुचला नाही. “बायकोनं हौसेनं चिरून दिला, तर खावा माणसानं,” एवढे बोलून तिने तो खटला निकालात काढला. लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र तिला जिंकले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. आम्ही ती दीड महिना पुरवून पुरवून वाचली. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील आले तेव्हा आई इतकी हसली की मला पुस्तक मिटावे लागले. मग तिने विचारले, हे वेड त्यांना लागले कशाने? मी मागचे पान पुन्हा वाचले. सासऱ्यांना सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती, त्या धसक्याने. आई पुन्हा हसली नाही. “बघ, बाईनं दोन्ही सांगितलं,” ती म्हणाली. साक्षीदार हसवतो म्हणून तो खोटा ठरत नाही, हे तिला मान्य होते.

सत्तावन्नचा धागा सापडला म्हणून पुढे विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ घेतला. वाचकांपैकी पुष्कळांनी तो वाचला असेल; ज्यांनी वाचला नसेल त्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांचे ते सुख अजून शिल्लक आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून काकाबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. मथुरेस बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ होणार होता. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमल्यास गंगाही होईल, एवढाच त्याचा मनसुबा. वाटेत महूजवळ शिपायांनी बंडाची बातमी सांगितली. परतायचे सोडून हे काकापुतणे पुढेच गेले, आणि १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोजच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या तेव्हा हा गृहस्थ झाशीच्या आत होता. इतिहासाला साक्षीदार हवा होता आणि दैवाने पाठवला तो दक्षिणेच्या हिशेबाची वही बाळगणारा एक गरीब ब्राह्मण!

आईला ती वहीच आवडली. कोठे किती रुपये मिळाले, झाशी पडल्यावर गोऱ्या शिपायांनी ते कसे काढून घेतले, हे विष्णुभट न लाजता सांगतो. “जो पैसे मोजतो तो खरं बोलतो,” आईने निर्णय दिला. हा नियम सरसकट लावता येणार नाही, पण विष्णुभटापुरता तो बरोबर आहे. जेथे तो स्वतः उभा होता तेथे त्याचा शब्दन् शब्द जिवंत आहे. जेथे ऐकीव सांगू लागतो, उदाहरणार्थ बंडाच्या मूळ कारणांची कलकत्त्यातल्या दरबाराची कथा, तेथे तो बखरकाराच्या पंगतीला जाऊन बसतो. काल्पीनजीक विहिरीवर त्याला दमलेली, तहानलेली राणी भेटते. तो पाणी काढून देऊ लागतो. राणी त्याला थांबवून स्वतः पाणी काढते. हा प्रसंग संपल्यावर मी आईच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही.

“विचार की, कुठं उभा होता ते,” मी म्हणालो.

“विहिरीवर. सांगितलंन् की त्यानं.”

या पुस्तकाच्या जन्माची कथा ही स्वतंत्र रहस्यकथाच आहे. विष्णुभटाने ते १८८३-८४ च्या सुमारास, म्हणजे पाव शतक उलटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिले. पण आपल्या हयातीत छापू नये, ही अट घातली. पोटापाण्यासाठी फिरणाऱ्या माणसाला सरकारचे भय असायचेच. १९०७ साली वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, ते बरेच झाडूनपुसून, भाषा नेटकी करून, काही गाळून. मूळ हस्तलिखित पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि दत्तो वामन पोतदारांनी ते जसेच्या तसे छापले १९६६ साली. म्हणजे आमच्या दोन पिढ्यांनी जो विष्णुभट वाचला त्याच्या अंगावर वैद्यांचा अंगरखा होता. मी दोन्ही पाठ मुद्दाम शेजारी ठेवून वर्गात शिकवतो. मुलांना वैद्यांचा सोपा वाटतो, आईला पोतदारांचा. “हा आपल्यासारखा बोलतो,” ती म्हणते.

विष्णुभटानंतर काय, असा विचार चालला असतानाच मामी आल्या. आल्या त्या गुडघ्यांच्या औषधासाठी, पण पाठोपाठ त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, फटफटीवरून एक कागदांचे पुडके घेऊन आला. येथे मामाबद्दल थोडे सांगितले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली आणि संप रीतसर मिटला असा दिवस कधी उगवलाच नाही. मामाने वर्षभर कळ काढली. १९८३ च्या पावसाळ्यात, भिवंडीला मागावर काम मिळते का बघून येतो, असे खोलीतल्या सोबत्यांना सांगून तो निघाला. भिवंडीत तो कोणाला दिसला नाही, लालबागला परतला नाही, गावी आला नाही. ट्रंक तेवढी आली. आजोबांनी दोन वर्षे मुंबईच्या खेपा केल्या आणि मग त्या थांबवल्या. मामी तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्यांनी कुंकू पुसले नाही, मंगळसूत्र उतरवले नाही. आज चाळीस वर्षे उलटली. हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे की नाही याचा गावाने सुरुवातीला घोळ घातला, पुढे गावच दमले.

सातबारावर मामाचे नाव अजून आहे. मामेभावाला विहिरीसाठी कर्ज काढायचे आहे, आणि वारसनोंद झाल्याखेरीज ते मिळत नाही. सात वर्षे ज्याची खबर, ज्यांना ती कळायला हवी होती त्यांना, कळलेली नाही, तो मरण पावला असे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तशी तरतूद होती आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. वकिलाने कागद तयार केले होते. मामींची सही हवी होती. “तुमचं ऐकेल ती,” मामेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम्ही शिकलेले.” त्याचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. त्याचे सगळे बालपण एका नावाखाली गेले, आणि ते नाव कर्जाच्या कागदावरसुद्धा त्याच्या उपयोगी पडत नव्हते.

मामी काही बोलल्या नाहीत. कागद कपाटावर ठेवले गेले. संध्याकाळी आई म्हणाली, “वाच काहीतरी. वहिनींना पण बरं वाटेल.”

काय वाचावे? मी हाताला लागले म्हणून नव्हे, ठरवून, तोतयाचे प्रकरण काढले. योग्य केले की नाही ते वाचकांनी ठरवावे. मला आजही तेच करावेसे वाटेल.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. त्याने १७८० साली फारशीत लिहून ठेवले आहे, की मागाहून एक शिर नसलेले धड सापडले, अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे म्हणून ओळखले गेले, शिर नंतर मिळाले, आणि त्याचे विधिपूर्वक दहन झाले.

“मुंडकं नव्हतं?” आई एकदम सरळ बसली. “मग तो तो नव्हेच!” अर्नाळकरांच्या पाठशाळेत बिनशिराचे प्रेत म्हणजे काय, हे पहिल्या इयत्तेत शिकवतात.

“दुसऱ्या दिवशी सापडलं म्हणतो.”

“दुसऱ्या दिवशी कुठनं येतं?”

मामी भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी पुढे वाचले. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे. त्याच रणातून ते जीव घेऊन निघाले. त्यांच्या लहानशा आत्मवृत्तात ती पळापळ आहे, आणि त्या धांदलीत कायमची अंतरलेली आई आहे. इतक्या धूर्त माणसाने स्वतःबद्दल इतके उघडे लिहावे याचे मला दर वेळी नवल वाटते. पण भाऊंचे शेवटी काय झाले हे त्यांनाही दिसलेले नाही. पुण्यास भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. आपला नवरा मेला हे त्यांनी मानले नाही. त्या शेवटपर्यंत सौभाग्यवतीच राहिल्या. आणि मग काही वर्षांनी उत्तरेत एक माणूस उगवला, मीच भाऊ म्हणणारा. कोणी म्हणे चेहरा तोच, कोणी म्हणे आवाज तोच. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला धरले, चौकशी झाली, तो कनोजी ब्राह्मण ठरला, आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर असा कैदेत फिरत राहिला. तो शेवटी रत्नागिरीस असताना, १७७६ साली, तेथल्या अंमलदारानेच त्याला मोकळे केले. हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले.

“रत्नागिरीला?” मामींनी पहिल्यांदा तोंड उघडले. “आपल्या इथं?”

“तुमच्या गावावरनंसुद्धा गेला असेल.”

“मग लोकांनी ओळखलं नाही?”

“लोकांना तो भाऊच हवा होता,” मी म्हणालो. फौजा गेल्या, तोतया हरला, समुद्रावाटे पळताना राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यास आणला गेला, आणि त्याच वर्षी देहान्ताची शिक्षा होऊन ते प्रकरण मिटले. राज्याच्या दृष्टीने मिटले. पार्वतीबाईंचे कुंकू त्यानंतरही होते.

मी थांबलो. आई नेहमीप्रमाणे उलटतपासणी घेईल असे वाटले होते, पण ती मामींच्या दिशेला तोंड करून गप्प राहिली. मामी बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“पानपत होऊन किती वर्षं झाली होती तेव्हा?”

“पंधरा.”

“पंधराच?” मामी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आणि तिच्याकडनं कुणी सही मागितली नाही?”

मी नाही म्हणालो. त्या काळी सहीचा प्रश्न नव्हता हे खरेच होते. कपाटावरचे पुडके तेथेच होते. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, आईला तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मामी गुडघ्यावर हात देत उठल्या, आत जाऊन गॅस बंद करून आल्या, आणि पुन्हा त्याच जागी बसल्या.

“ते पुरे आता,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी आणलेल्यांतलं एक वाच. झुंजारचं. मला नुसती ट्रंकेतनं काढून द्यायला लावायचे, वाचायला वेळ कुठला मिळायचा!”

मी वरच्या फळीवरून एक काढले. मुखपृष्ठाचा अर्धा भाग गेलेला. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आईचे माहेरचे नाव आणि ‘गणपती १९६७’. कागद तुटू नये म्हणून पान हळू उलटावे लागत होते. गिरगावात एक श्रीमंत सावकार, त्याचा पुतण्या, एक मुका नोकर. तिसरे प्रकरण अर्धे झाले नसेल, तोच आईने मांडीवर थाप मारली.

“पुतण्या नव्हे हां. तो मुका—”

“सांगू नका वन्सं!” मामी ओरडल्या. “वाच रे तू, वाच पुढं.”